लाल दोऱ्याच्या वर चार बोटं

१

बोट सुटून सहा मिनिटं झाली आणि ताई किंचाळली.

सहा मिनिटं हे अण्णांचं माप. आमचे अण्णा, म्हणजे वडील, जन्मभर घड्याळजी. त्यांच्या लेखी पाहुणे "संध्याकाळी" येत नाहीत, पाच वाजून बावीस मिनिटांनी येतात. ताई किंचाळल्यावर त्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं आणि मग ताईकडे.

भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, गळ्यातली शिट्टी फुंकली. आमच्या सहलींचे व्यवस्थापक तेच. माणसं सात, पण शिट्टी सत्तर जणांना पुरेल अशी.

"कोणी पडलं का पाण्यात?" पलीकडच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी आशेने विचारलं.

"अहो, शिट्टी काय वाजवताय!" ताई भावजींवर ओरडली. "इकडे बघा. कुणी केलं हे?"

तिच्या हातात स्वेटरची राखाडी बाही होती. बाहीच्या टोकाला दोन स्टीलच्या सुया, आणि मांडीवर लोकरीचा गुंडा.

आता हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, एका बाहीसाठी एवढा आकांत कशाला. दरवर्षी आम्ही सगळे या बोटीने पलीकडच्या शहरात दोन दिवस राहायला जातो. गेल्या वर्षी आई होती. याच बोटीवर, याच खिडकीशी बसून ती अण्णांचा स्वेटर विणत होती. पाठ झाली होती, पुढचे भाग झाले होते, एक बाही झाली होती. दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा किनारा आला. घरी परतल्यावर तिने सुया हातात घेतल्या नाहीत, आणि दीड महिन्यात ती गेली.

ताईने मग त्या बाहीच्या शेवटच्या ओळीत एक लाल दोरा ओवून ठेवला. आई जिथे थांबली ती जागा. याच्या पुढे कुणी एक टाका घालायचा नाही, असं तिने आम्हा सगळ्यांना बजावलं होतं. ताईने बजावलं की आम्ही बजावून घेतो.

लाल दोरा अजून तिथेच होता. पण तो आता शेवटच्या ओळीत नव्हता. त्याच्या वर बाही चार बोटं वाढली होती.

ही चोरी म्हणावी तरी कशी? चोरीत काहीतरी जातं. इथे गेलं काहीच नव्हतं, उलट भर पडली होती.

"आईचा शेवटचा टाका शेवटचा राहिला नाही," ताई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता, आणि ताईचा आवाज खाली आला की आम्ही जास्त घाबरतो. "कुणी केलं ते मला बोट लागायच्या आत कळलं पाहिजे. नाहीतर मी पलीकडे उतरणार नाही. याच बोटीने परत. आणि पुढच्या वर्षीपासून तुमची सहल तुम्हाला लखलाभ."

हे सगळं बोलताना ती बघत होती वहिनीकडे.

२

वहिनी म्हणजे धाकट्या भावाची बायको. लग्नाला अकरा महिने झालेले, आमच्याबरोबरची पहिलीच सहल. सकाळपासून बिचारी सगळ्यांना बिस्किटं वाटत होती. ताईचा संशय बिनबुडाचा नव्हता म्हणा. या विणकामाची पिशवी आईच्या कपाटात होती आणि ते कपाट भावाच्या घरात. घरात राहणारी माणसं तीन: अण्णा, भाऊ, वहिनी. आणि वहिनी उत्तम विणते, हे आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं ते ताईनेच.

"मी सकाळी घाईत पिशवी उचलली, उघडून बघितलीसुद्धा नाही," ताई म्हणाली. "कोण बघणार? विश्वास होता."

"विश्वास राहू दे बाजूला," असा एक आवाज आला. "ती बाही इकडे आण."

आवाज आत्याचा. अण्णांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, गुडघे तिच्याहून म्हातारे, डोळे मात्र अजून नोकरीत असल्यासारखे. एकतीस वर्षं ती बस आगाराच्या "हरवले-सापडले" खिडकीत बसली होती. छत्र्या, डबे, एकदा कवळी, एकदा चक्क एक झोपलेले सासरे. ज्याचं त्याला परत मिळेपर्यंत ती जेवायला उठायची नाही, असं म्हणतात. म्हणणारी तीच.

तिने बाही मांडीवर पसरली. सुया डोळ्यांजवळ नेल्या, फिरवल्या, एका सुईच्या गोल डोक्यावरून अंगठा दोनदा फिरवला. मग म्हणाली, "एकेकाने समोर यायचं. मला उठता येत नाही. खिडकी उघडली. पहिला!"

"आत्या, अगं वहिनीलाच विचार ना सरळ," ताई म्हणाली.

"माझ्या खिडकीवर रांग मी लावायचे. ये गं मुली, तूच ये आधी."

वहिनी येऊन आत्याच्या समोर बसली. पदराशी खेळत नव्हती, रडत नव्हती. नुसती ताठ.

"ही बाही तू विणलीस?"

वहिनी गप्प.

"कुणी विणली ते माहीत आहे?"

वहिनीने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "आत्या, मला काय बोलायचं ते बोला. मी काही सांगणार नाही."

"बघ! बघ!" ताई उसळली.

"मी बघतेच आहे," आत्या म्हणाली. "नाही म्हटलं नाही तिने, हो पण म्हटलं नाही. माझ्या खिडकीवर असं कोण बोलायचं माहीत आहे? ज्याला वस्तू कुणाची ते माहीत असायचं, पण नाव घ्यायचं नसायचं. पुढचा!"

३

पुढची मी. मी मधली. दोन गल्ल्या सोडून राहते आणि भावाच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते.

"तुलाही विणता येतं," आत्या म्हणाली.

"येतं. पण ताईने बजावलंय म्हटल्यावर मी हात लावेन का? मला जगायचंय अजून."

"हे बघ आणि काय खटकतं सांग."

मी बाही हातात घेतली, आणि तेव्हा मला दिसलं. आईने बाहीच्या मधोमध वेणीची नक्षी घेतली होती. दर आठ ओळींनी दोन पदर एकमेकांवरून वळायचे, अगदी ती आम्हा दोघींची वेणी घालायची तशी. लाल दोऱ्यापर्यंत प्रत्येक वळण डावीकडे झुकलेलं. त्याच्या वरची चार वळणं उजवीकडे.

"वेणी उलटी पडलीय!"

ताईने बाही माझ्या हातातून ओढलीच. तिने वळणं मोजली, पुन्हा मोजली. "दर आठ ओळींनीच आहे. एकही चुकलेलं नाही. पण सगळी उलटी." मग तिने एक टाका नखाने उचलायचा प्रयत्न केला. "आणि किती घट्ट! हे विणलेलं नाही, आवळलंय. सुई सरकत नाही यातून."

"उलटी वेणी कुणाच्या हातून पडेल?" आत्याने विचारलं.

"डावखुऱ्याच्या," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

कारण डावखुरा आमच्यात एकच. आम्ही सगळ्यांनी एकदम भावाकडे पाहिलं. तो डाव्या हाताने बिस्किट चहात बुडवत होता. बिस्किट मोडून चहात पडलं.

४

"मी?" भाऊ म्हणाला. "मी विणू? मला शर्टाचं बटण लावायला सांगितलं तर मी शर्ट बदलतो."

"आईचा लाडका होतास," ताई म्हणाली. "तिला वाटलं असेल, शिकवावं."

"ताई, तिने मला फक्त गुंडा धरायला शिकवलं. दोन्ही हात पुढे करून उभं राहायचं, आणि खाजवायचं नाही."

"बरं, हे सांग," आत्याने विचारलं. "ही वेणी किती ओळींनी वळते?"

"कुठली वेणी?"

"झालं. पुढचा."

"असा कसा पुढचा?" ताईचा चेहरा लाल झाला होता. "हा डावखुरा, त्याची बायको विणणारी. दोघांनी मिळून केलं असेल!"

वहिनीच्या डोळ्यांत आता पाणी आलं. भाऊ उठून उभा राहिला. "ताई, पुरे. तुला परत जायचं तर आम्हीच जातो परत. तुम्ही करा सहल."

भावजींनी शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि न वाजवता खाली सोडली. दहा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. अण्णा समोरच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. झोपलेत असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं मनगटावरच्या घड्याळाची किल्ली पिळत होती. भरलेल्या घड्याळाला उगीचच किल्ली.

नेमका तेव्हा तिकिटं तपासणारा खलाशी आला. आमची तोंडं पाहून त्याने तिकिटं न बघताच फाडली.

"अहो, ही बोट पलीकडे जाऊन वळली की लगेच सुटते का?" ताईने त्याला विचारलं. "मला परत जायचंय."

"सुटते लगेच. पण वळत नाही, बाई."

"म्हणजे?"

"हिला दोन्हीकडे तोंड आहे. जाताना जो पुढचा भाग, तोच येताना मागचा. बोट तीच, काही हललेलं नसतं. आपण कुठल्या बाजूने बघतो त्यावर आहे सगळं." तो पुढच्या बाकाकडे गेला.

आत्याने ताईच्या हातातून बाही ओढून घेतली आणि झटकन मिटली. "अरे देवा," ती म्हणाली. "आणि मी डावखुरा शोधत बसले!"

५

"जावईबापू, खिशात पेनं किती?"

"चार," भावजी म्हणाले. "एक लाल."

"दोन इकडे द्या. आता प्रत्येकाने या दोन पेनांनी विणून दाखवायचं. लोकर नाही, काही नाही. हवेत. तुमच्या आईची वेणी कशी वळायची ते करून दाखवा."

तर मग आमचं कुटुंब बोटीवर हवा विणायला बसलं. पलीकडचे गृहस्थ आता उघडपणे आमच्याकडे तोंड करून बसले होते.

ताईने सुरुवात केली. रागात होती, पण पेनं हातात येताच तिचे खांदे आईसारखे उतरले. उजवा हात पुढे, डावा साथीला. मीही तशीच. आम्हा दोघींना आईने शेजारी बसवून शिकवलं होतं, एकीला या बाजूला, एकीला त्या. वहिनीनेही उजव्या हाताने केलं, पण भराभर, ढिलं, हसऱ्या हाताने.

"हिचा हात सैल आहे," आत्या म्हणाली. "तिने विणलं असतं तर एका टाक्यातून माझं बोट गेलं असतं. पुढचा!"

भावाने पेनं नूडल्स खाल्ल्यासारखी धरली. त्याला शब्दही न बोलता पुढे पाठवलं. भावजींनी पेनं झाकणं लावून परत खिशात ठेवायचा प्रयत्न केला.

"द्या इकडे. एक जण राहिलाय," आत्या म्हणाली. आणि अगदी हळू आवाजात, "बाळ, तुझी पाळी."

शहात्तर वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणारी या जगात ती एकटीच उरली आहे.

अण्णांनी टोपी वर केली. "मला काय येतंय विणायला?"

"घे तर."

"अण्णा, राहू द्या," वहिनी एकदम म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेनं घेतली. पेनं जवळ आली, एक दुसऱ्याखाली शिरलं, वर आलं. माप घेतल्यासारखं, स्क्रू बसवल्यासारखं. आयुष्यभर उजव्या हाताने घड्याळं उघडणारे आमचे अण्णा डाव्या हाताने विणत होते. अंगठ्याचा तो छोटासा झटका, टाका सरकवताना ओठ दाबणं. सगळं आईचं होतं. फक्त आरशातल्यासारखं.

इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

६

"डावखुरा नाही," आत्या म्हणाली. "समोरून शिकलेला. तुम्ही पोरी तिच्या शेजारी बसलात, म्हणून तुमचा उजवा तिच्या उजव्यासारखा. तिच्या समोर जो बसेल त्याला तिचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसणार. आणि तिच्या समोर कोण बसायचं? घरी कोण? या बोटीवर कोण?"

आईला उलटं बसलं की बोट लागायची. म्हणून खिडकीची सरळ जागा तिची, आणि समोरची उलटी जागा अण्णांची. आजही अण्णा तिथेच बसले होते. आईच्या जागेवर ताईने पिशवी ठेवली होती.

"मला आधीच कळायला हवं होतं," आत्याने सुई पुढे केली. "हे बघा. या सुईच्या डोक्यावर चार ओरखडे, केसाएवढे. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत अशीच खूण करायचास ना रे तू? इथे एकेका वेणीला एक. चार वेण्या, चार खुणा. आणि टाके असे, जसे काही सुटून पडले तर गिऱ्हाईक तक्रार करेल. लाल दोराही हलवलेला नाही. लपवायचं असतं तर पहिल्यांदा तोच काढला असता."

ताई अजून उभीच होती. "अण्णा?"

अण्णांनी पेनं भावजींना परत दिली, नीट, झाकणं लावून. मग बोलायला लागले, ताईकडे न बघता.

"दुपारी हे दोघं कामावर जातात. समोर तिची खुर्ची. चव्वेचाळीस वर्षं रोज समोर बसून बघितलं तिला विणताना. तिला वाटायचं मी पेपर वाचतोय." ते थोडं हसले. "म्हटलं, यंत्र इतकं बघितलंय, चालवता येईल. या वर्षी बोटीवर तो स्वेटर घालून बसायचं होतं. तिने मापं माझी घेतली होती गं. पण चार बोटं व्हायलाच तीन महिने लागले. एक दिवस ही लवकर घरी आली आणि बघितलं तिने. कुणाला सांगू नकोस म्हणालो."

वहिनी मान खाली घालून उभी होती. भाऊ तिच्याकडे असा बघत होता, जसं आजच लग्न ठरलंय.

"वेणी उलटी पडतेय हे दिसलं नाही तुम्हाला?" ताईने विचारलं.

"मला सरळच दिसत होती," अण्णा म्हणाले. "मी बघत होतो तशीच. लाल दोऱ्यापर्यंत ती. तिथून पुढे मी. दोऱ्याला हात लावला नाही मी." मग ताईकडे बघत, "तू म्हणालीस तर उसवतो सगळं. खूण पक्की आहे, बरोबर दोऱ्यापाशी थांबेन."

ताईने बाही उचलली. तिने दोरा चाचपला, मग त्याच्या वरची ती चार घट्ट, हट्टी, उलटी वळणं. मला वाटलं आता ती रडणार. पण ताई ती ताईच.

"उसवून तर बघा," ती म्हणाली. "हात तोडून ठेवीन."

मग ती वहिनीकडे वळली. बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "बिस्किटं उरलीत का गं?" तिने विचारलं. आमच्या घरात माफी अशीच मागतात. वहिनीला हे अकरा महिन्यांत कळलेलं दिसलं, कारण तिने आख्खा पुडा पुढे केला.

"पण अण्णा," ताई तोंडात बिस्किट धरून म्हणाली, "या घट्ट टाक्यांनी तुमचा हात बाहीत शिरणार नाही. कोपरापाशी रक्त थांबेल. पुढचं तरी सैल विणा." तिने आईच्या जागेवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मोकळ्या जागेवर हाताने थोपटलं. "या. समोरून नाही. इकडे, शेजारी बसा. मी दाखवते."

अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले, बोटीच्या झोक्याबरोबर एक पाऊल चुकले, आणि आईच्या जागेवर येऊन बसले. पहिल्यांदाच सरळ. पाणी त्यांच्याकडे येत होतं. इतकी वर्षं ते मागे जाणारं पाणी बघत आले होते.

ताईने सुया त्यांच्या हातात दिल्या आणि त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले. "उजवा पुढे. आवळू नका हो, घड्याळ नाहीये ते."

"हं. असं?"

"असं."

पहिला टाका पडला. आत्याने डोळे मिटले आणि सैल झाली, खिडकी बंद केल्यासारखी.

किनाऱ्यावर उतरल्यावर भावजींनी शिट्टी वाजवली, माणसं मोजली, सात भरली. मग त्यांनी वही उघडली. त्यात दरवर्षी बोट लागल्याची वेळ लिहायची असते, आणि ती सांगायचं काम अण्णांचं.

"किती वाजता लागली, अण्णा?"

अण्णांनी मनगटाकडे पाहिलं, मग बोटीकडे, मग ताईच्या खांद्यावरच्या पिशवीकडे.

"कोण जाणे," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."